आखाडातली फेरणी

गुणवंतराव अंगणात आला तोवर देवाजीने निम्मं छप्पर उघडं केलं होतं. केसरबाई शिडीवर उभी राहून नवऱ्याच्या हातात एकेक मातीचं कवेलू देत होती.

"कोनाले इचारून चढला बे?" घरमालकाने खालून विचारलं.

देवाजीने हात थांबवला नाही. मिरगाआधी मालकाने कवेलू फेरून, म्हणजे फुटकी बदलून पुन्हा नीट बसवून द्यायची आणि भाडेकरूने भिंती सारवायच्या, ही भद्रावतीची रीत. यंदा गुणवंतरावाने फेरली नव्हती. आखाडात छप्पर गळलं आणि कोपऱ्यातली भिंत काळ्या-हिरव्या बुरशीने भरली. त्या भिंतीला लागून त्यांच्या यशोधरेची बाज. लहानगी पोर श्वास घेताना कण्हायची. या ओलीत ती जगणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरात दुसरी खोली नव्हती.

"कितीकदा सांगतलं, गुणवंतभाऊ. पानी वरून येते."

"बुरशी भिंतीले आली. भिंत तुही. सारवाले तुही बायको मेली का?"

"सकाळी सारवतो, सांजेले पुन्हा काळी," केसरबाई म्हणाली. "तुमीच या ना आत. पोरीजवळ निजून पाहा."

"तुमच्या लोकाईले घर देलं, थेच चुकलं माहं. आजच्या आज खाली करा."

त्याने शिडीला लाथ घातली. केसरबाई पाठीवर आपटली. ती उठायच्या आत त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला फाटकाकडे ओढत नेऊ लागला.

देवाजीला उतरायला वाट नव्हती. हातात कवेलू होतं. ते त्याने हाणलं. गुणवंतरावाच्या कपाळावर ते फुटलं. केस सोडून तो चिखलात बसला. दुसरं खांद्यावर बसलं, तिसरं कानापाशी. गुणवंतराव आडवा झाला, तरी देवाजी मारतच राहिला.

"बस करा," केसरबाई म्हणाली, "मरन तो."

फाटकाशी माणसं जमली. कोणीतरी ठाण्याकडे धावलं. पाऊस सुरू झाला तसा देवाजी गुडघ्यांवर बसून उरलेली कवेलू भराभर लावू लागला. बाजेच्या बरोबर वर हातभर जागा उघडी राहिली. तिथली कवेलू अंगणात गुणवंतरावाभोवती तुकडे होऊन पडली होती.

त्याने आत वाकून पाहिलं. यशोधरा उताणी पडून वरच बघत होती.

"बाबा, तोंडावर पानी येते."

शिपाई आला तेव्हा देवाजी त्या भगदाडावर पालथा पडला होता. शिपायाने शिडी लावली, शिव्या दिल्या, काठीने पाय ठोकले. देवाजी हलला नाही. पाणी त्याच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना वाहत होतं.