मुलगा घोरतो का?

चाळिशी उलटली तरी मुलाचं लग्न जमेना, तेव्हा आईने नाक मुरडत का होईना, दोनदा विधवा झालेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं स्थळ पत्करलं. तिचे दोन्ही नवरे झोपेतच गेले होते.

"मुळातच मरतुकडे असतील मेले," आई शेजारणीला म्हणाली. "आमचं कार्टं नुसता रेडा आहे, त्याला काय होतंय!"

पहिल्या भेटीत त्या बाईने ना पगार विचारला, ना घर. एवढंच विचारलं, "मुलगा घोरतो का हो? मला आवाजात झोप लागत नाही."

ज्याच्या घोरण्याला कंटाळून वरच्या मजल्यावरचे तीन भाडेकरू पळाले होते, त्याच्या आईची पापणीसुद्धा लवली नाही. "छे गं! एकदा झोपला की श्वाससुद्धा ऐकू येत नाही त्याचा."

लग्नाला जेमतेम पंधरवडा झाला असेल. सकाळी आई चहा घेऊन मुलाला उठवायला गेली. सून उशी झटकून जागेवर ठेवत होती. चेहरा कसा, छान झोप झाल्यासारखा टवटवीत.



"तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही, सासूबाई. ऐका, श्वाससुद्धा ऐकू येत नाही."