दह्याच्या नऊ पिशव्या

"लुआ, माझा डबा कुठाय गं?" तोआननं कोळंबीच्या तळ्यावरून बायकोला हाक मारली.

"कुठला डबा?"

"दुधाचा रिकामा. तळ्यातलं विषारी औषध मोजायचा. काल रांजणापाशी पालथा घातला होता."

लुआचा हात फ्रीजच्या दारावरच थिजला. काल दुपारी तिनं का माऊ शहराच्या बाजारातलं घट्ट गोड दूध पातेल्यात ओतलं होतं आणि रांजणापाशी सापडलेल्या डब्यानंच मोजून त्यात गरम पाणी घातलं होतं. विरजण लावलं, रात्री दही लागलं तसं लहान लहान पिशव्यांत भरलं, गाठी मारून गोठवायला ठेवलं. आणि आत्ता, शाळा सुटल्यावर, पोरांना वाटलं. नऊ पोरं, नऊ पिशव्या.

डबा विसळला होता का? आठवेना.

तोआन धावत आला. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच त्याला कळलं. "कुणापाशी बोलू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आधी बघू काय होतंय ते."

लुआ अनवाणीच सुटली.

कालव्याकाठच्या अरुंद वाटेनं पोरं चालली होती, पिशवीचा कोपरा दातानं तोडून चोखत. "थुंका! थुंका आधी!" ती ओरडली. पोरं खिदळली. एकानं पिशवी पाठीमागे लपवली.

"दिलेलं परत मागतेस, काकू? पुढच्या जन्मी कुत्री होशील!"

तिनं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली तेव्हा हसणं थांबलं. दही दगडासारखं होतं, बहुतेकांनी जेमतेम चाटलेलं. तिनं पिशव्या मोजल्या. आठ.

"लाय कुठाय?"

"ती पहिली पिशवी घेऊन कधीच गेली, आईबरोबर होडीनं."

तोआन धापा टाकत मागून आला. "यांना दवाखान्यात ने," लुआ म्हणाली. "औषधाचं पाकीटही दाखव." त्यानं एकदा मागे, घराकडे पाहिलं. मग त्यानं सगळ्यात धाकट्याचा हात धरला.

लायच्या आईचं, येनचं घर पलीकडच्या काठाला. बांबूच्या पुलावरून लुआ कशी गेली, तिचं तिला कळलं नाही. येन दारात मासे साफ करत बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! आत्ताच डोळा लागलाय पोरीचा."

लाय झोळीत पडली होती. एक पाय बाहेर लोंबत होता, ओठांवर दही वाळलं होतं. खाली पिशवी पडली होती, चोखून चपटी झालेली.

मागे फिरावं, अंधार पडेस्तोवर कुठेतरी लपून बसावं, असं लुआला वाटलं.

"येन, उठव तिला. माझ्या दह्यात तळ्याचं औषध गेलं असेल."

येन सुरी हातात तशीच धरून उठली. "काय म्हणालीस?"

"आधी उठव!"

येननं पोरीला हलवलं. मान एका बाजूला लुळी पडली. पुन्हा हलवलं. सुरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग लायनं झोपमोड झाल्याबद्दल असं काही भोकाड पसरलं, की लुआ मटकन भुईवर बसली.

दवाखान्यात नऊही पोरांना दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. कुणाला काही झालं नाही. डब्याला औषध लागलेलं होतं की नव्हतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

परत येताना येनच्या होडीचं वल्हं लुआच्या हातात होतं. समोर येन, तिच्या मांडीवर लाय. अर्धा कालवा मागे पडल्यावर येन म्हणाली, "तू आली नसतीस तर मला कळलंही नसतं."

लायनं लुआकडे हात पसरला. "काकू, उद्या पण देशील?"

येननं पोरीला अलगद उचललं आणि आपल्या पलीकडे, होडीच्या टोकाला नेऊन बसवलं. लुआ वल्हवत राहिली.