दत्तक गावचा रस्ता

स्क्रीन पुन्हा काळी पडली आणि हरीओमभाऊंनी ड्रायव्हरकडे असं पाहिलं, जणू रस्ता त्यानेच खाल्ला होता.

"लवकर सुरू कर," भाऊ दात-ओठ खात म्हणाले.

"करूनच राह्यलो ना भाऊ!" रामधनने पेन ड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला आणि परत खोचला. गाडीचा बिघडलेला नकाशा ताळ्यावर आणणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. स्क्रीनवर एक पट्टी उगवली आणि सरकारी कामासारखी सरकू लागली.

गाडी किन्हीराजाच्या पुढे कुठल्याशा गावाच्या तोंडाशी, फाट्यावर उभी होती. जायचं होतं टेंभुळखेडला. मोबाइलला रेंज नव्हती. इकडे टॉवर आणल्याबद्दल भाऊंनी गेल्या दिवाळीत स्वतःचं अभिनंदन केलं होतं.

टेंभुळखेड हे भाऊंचं दत्तक गाव. दत्तकविधान वाशीमच्या एका हॉलमध्ये झालं होतं. जेवण चांगलं होतं. त्यानंतर लेकरू जगलं की मेलं, हे पाहायला भाऊ एकदाही आले नव्हते. रामधन तेव्हापासून भाऊंचीच गाडी चालवत होता, म्हणजे त्यालाही रस्ता माहीत असण्याचं कारण नव्हतं.

कुणालाही विचारलं असतं तर काम झालं असतं. पण मागच्या सीटवर पक्षाचे निरीक्षक बसले होते. जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला द्यायचं, हे त्यांच्या हाती होतं. आणि भाऊंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की टेंभुळखेडला आपण दर आठवड्याला जातो.

"हरीओमजी," निरीक्षक म्हणाले, "रस्ता तुम्हाला पाठ आहे ना? मग ते यंत्र कशाला हवंय?"

"पाठ हाय ना साहेब! डोये झाकून नेतो तुमाले. पन सिस्टीम बंद ठेवून गाडी चालवली की वारंटी जाते." भाऊंना घाम फुटला होता. एसी चालू होता.

तेवढ्यात बकऱ्या हाकत चतुराबाई नावाची एक म्हातारी आली. थांबली. वाकून काचेतून आत पाहू लागली. भाऊ घाईघाईने खाली उतरले आणि दार लावून घेतलं.

"वाट चुकले काय बापा?"

"नाई नाई मावशी. गाडी जराशी आराम करून राह्यली."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं तोंड वयखीचं वाटते. कुठं पाह्यलं बरं?" आणि तिचा चेहरा एकदम फुलला. "हा! माह्या बकऱ्याईच्या कोठ्यावर! मोठ्ठा फोटो, हात जोडेल. सारा पावसाया गेला, एक थेंब गयला नाई. लय कामी आले तुमी!"

भाऊंनी सवयीने हात जोडले. त्यांचे फ्लेक्स जिल्हाभर लागत, त्यामुळे एवढ्यावरून गाव ओळखणं शक्य नव्हतं.

"आलं, आलं!" आतून रामधन ओरडला.

भाऊ धावत जाऊन सीटवर बसले. स्क्रीन उजळली होती. नकाशा आला, निळी रेघ आली, आणि गोड आवाजातली बाई बोलली, "आपण आपल्या इच्छित स्थळी पोहोचला आहात. टेंभुळखेड."

चतुराबाई उघड्या दारापाशी येऊन हसत होती. "मी तेच सांगाले आली होती बापा. पन तुमी इचारलंच नाई."

बकऱ्या पुढे गेल्या, तशी तीही गेली. भाऊंना मागे वळून बघायचा धीर होईना. इतकी वर्षं सतरंज्या उचलल्या, हारतुरे वाहिले, आणि तिकीट एका म्हातारीपायी गेलं. त्यांना खरोखर रडू येत होतं.

मागे निरीक्षकांनी शांतपणे चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "तिकिटाची काळजी करू नका, हरीओमजी. तुमचं पक्कं समजा."

मग ते पुढे झुकले आणि त्यांनी रामधनसमोर हात पसरला. "फक्त तो पेन ड्राइव्ह मला दे. माझंही एक दत्तक गाव आहे, आणि पुढच्या आठवड्यात वरचे साहेब ते पाहायला येतायत."