डिशचा नट

कल्पना करा, लालबागच्या एका चाळीत सगळ्यात वरच्या मजल्याच्या गॅलरीत तुम्ही उभे आहात. डोक्यावर गच्चीत तुमचा काका, पाठीमागे खोलीत तुमचे बाबा, आणि मध्ये तुम्ही. त्या रविवारी सकाळी दर्शना नेमकी तशी उभी होती.

"विचार त्याला, सिग्नल किती दाखवतोय," वरून राजेशकाका म्हणाला.

"बाबा, किती?"

"सांग त्याला, चाळीस. हात लावायच्या आधी पन्नास तरी होता म्हणावं."

"काका, चाळीस. हात लावायच्या आधी..."

"ऐकलं मी."

दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. पण गेल्या वर्षी गणपती कोणाच्या खोलीत बसवायचा, यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. तेव्हापासून भिंतीला भिंत लावून राहत असूनही बोलणं बंद. काका आरतीलासुद्धा आला नव्हता. आता गणपती पुन्हा तोंडावर आले होते. ते कोणत्याही खोलीत बसले तरी दर्शनाला चालणार होतं. आरतीला मात्र तिला दोघंही हवे होते.

डिश तेवढी दोघांत एकच राहिली होती. तिच्या दोन वायरी दोन खोल्यांत गेल्या होत्या. समोर दोन टॉवर उभे राहिल्यापासून तिला त्यांच्या मधल्या फटीतूनच काय ते आकाश मिळायचं. काल वाऱ्याने ती जराशी हलली आणि दोन्ही टीव्हींवर चित्राचे चौकोन चौकोन झाले.

काकाने डिश पुन्हा सरकवली. "आता विचार."

दर्शनाने तोंड उघडलं. मग मिटलं आणि कठड्याला टेकून खाली बघत राहिली.

"बोल गो बाय," काका म्हणाला.

"माझा घसा दुखतोय."

काकाने डिश तशीच धरून ठेवली.

"पंचावन्न," बाबा स्वतःशी बोलल्यासारखं, पण मोठ्याने म्हणाले.

"अजून वर घेऊ?" काकाने आकाशाला विचारलं.

"थोडी. साठ. अरे राजा, हळू, हातगाडी आहे का ती ढकलायला? सत्तर. बस, हात काढ."

"दादा, आला?"

"आला. ऐंशी."

"लहानपणी अँटेनापण मीच फिरवायचो. तू आपला खाली बसून मॅच बघायचास."

"निम्मी मॅच. उरलेल्या वेळात मुंग्याच दिसायच्या, तुझ्या कृपेने."

वर काका हसला. खोलीत बाबाही हसले.

मग टीव्हीवरच्या बातम्या स्वच्छ ऐकू यायला लागल्या आणि दोघंही गप्प झाले.

काकाने दर्शनाला गच्चीवर बोलावून घेतलं. "त्याला सांग, काम झालं," तो म्हणाला आणि पाना तिच्या हातात दिला. "मी माझा टीव्ही बघतो. तू तेवढा हा नट आवळ. उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. चांगला गच्च कर, म्हणजे पुन्हा ही कटकट नको."

तो जिना उतरला. दर्शनाने कठड्यावरून वाकून पाहिलं. बाबांचं दार उघडं होतं. काका त्यावरून पुढे गेला, थांबला नाही. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतूनही त्याच बातम्या ऐकू यायला लागल्या.

दर्शनाने पाना नटावर नीट बसवला, दोन्ही हातांनी धरला आणि डावीकडे फिरवला.