अर्धी आंघोळ

शेवंताला शेवटची आंघोळ घालता घालता तिची जाऊ हौसा तांब्या घेऊनच पडद्याबाहेर आली. अंगणात बसलेल्या डॉक्टरांना म्हणाली, "टायफॉइडात असा डाग पडतो का हो? परकराच्या नाडीखाली हाय."

डॉक्टर आत गेले. बायकांनी कमरेवरची काळी खपली दाखवली. गवतातला बारीक किडा चावला की अशी पडते. त्या चाव्याने येणाऱ्या तापाचे जंतू निराळे, औषधही निराळं. पण त्यांच्याशी लढायला रक्तात जे तयार होतं, ते कधी कधी तपासणीत टायफॉइडच्या जंतूंनाही चिकटतं. शेवंताचं तसंच झालं होतं. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं होतं, अंग तपासलंच नव्हतं.

"हिच्याबरोबर गवत कापायला कोण जायचं?"

"मीच की."

त्यांनी हौसाचं मनगट धरलं आणि हाताला चटका बसला.

"परवापासनं हाय ताप. तुमच्याच गोळ्या चालू हायेत, टायफॉइडच्या."

"गाडीत बसा. आत्ता."

"हिची आंघोळ अर्धी टाकून?"

"अर्धीच राहू द्या. एकीचा ताप मी ओळखला नाही. दुसरीची आंघोळ बघायची नाही मला."