हौदाजवळची फरशी

"हिच्या हातांना घट्टेच नाहीत," अलेदिस म्हणाली. "आणि म्हणे आजवर लोकर धुऊन पोट भरलं!"

नवी आलेली हेलविख अंगणातल्या हौदाशी लोकर चोळत होती. गेंट शहरातल्या, बेगीन म्हणवणाऱ्या भाविक बायकांच्या या घरात कुणीही बाई येऊन राहू शके. जन्माच्या शपथा नाहीत, मठाचे नियम नाहीत. राबायचं, प्रार्थना करायची, नाही पटलं तर खुशाल जाऊन लग्न करायचं. हा मोकळेपणाच बिशपच्या माणसांना खुपत होता.

"तुला तर मांजरसुद्धा बिशपचा हेर वाटतं," आंधळ्या ओडामावशी म्हणाल्या.

"हसा! पुस्तक सापडलं तर त्याच्याबरोबर तुम्हालाही जाळतील."

डोळे होते तेव्हा मावशींनी देवाविषयी पुस्तक लिहिलं होतं, लॅटिन सोडून बाजारातल्या भाषेत. चर्चच्या लेखी हे पाखंडच. अलेदिसनं ते त्यांच्याच गादीत शिवून टाकलं होतं. मावशींना मात्र सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

शुक्रवारी हेलविखनंच विषय काढला. "अलेदिसताई, मावशींचं पुस्तक नीट ठेवलंय ना?"

अलेदिसनं आवाज खाली आणला. "कुणाला बोलू नकोस हं. हौदाजवळच्या फरशीखाली पुरलंय."

फरशीखाली नुसता चिखल होता. आता बिशपची माणसं तिथं खणायला लागली की हेर कोण ते कळणारच होतं.

शनिवारी अलेदिस नेहमीसारखी फादर वाउटरांकडे पापाची कबुली द्यायला गेली. खोटं ते खोटंच, हेतू कितीही चांगला असो. वीस वर्षं या बायका त्या मायाळू म्हाताऱ्यापाशी मन मोकळं करत आल्या होत्या. सगळं खरं सांगून टाकल्यावर तिला फार हलकं वाटलं.

सोमवारी सकाळी बिशपची चार माणसं दारात उभी राहिली. हेलविख पांढरीफटक पडली आणि थेट हौदाकडे धावली.

"बघा, निघाली जागा दाखवायला!" अलेदिस दात खात म्हणाली.

पण हेलविख त्या फरशीवर पाय रोवून उभी राहिली. हातात कपडे धुवायचं दांडकं होतं. "मी हलायची नाही इथून! आधी मला मारा!"

माणसांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौघं तडक जिना चढले. वरून टरटर कापड फाटल्याचा आवाज आला, मागोमाग ओडामावशींची हाक.

"अलेदिस, अगं, माझ्या गादीत काय शोधतायत गं हे?"

गादीचं अलेदिसनं एकालाच सांगितलं होतं, परवा, गुडघे टेकून.