टमरेल आणि गुलाब

हे लिहिणारच नव्हतो. महेंद्रनं शपथ घातलेली. पण आता तोच सगळ्यांना सांगतो, मग मी का गप्प बसू?

दोन हजार पाच साल असेल. टोकावड्याजवळ आमच्या गावात गुड मॉर्निंग पथक होतं. पहाटे कुणी टमरेल घेऊन माळावर निघाला की त्याला गुलाब द्यायचा. लाजून तरी घरी संडास बांधेल! पथकाचा म्होरक्या महेंद्र, मी त्याच्या जोडीला.

एका संध्याकाळी, त्याचं लग्न जिच्याशी ठरत होतं त्या पौर्णिमाचे वडील सापगावहून त्याचं घर बघायला आले. शेवटची एसटी चुकली, म्हणून राहिले. पहाटे ते झोपलेले असतानाच हा गुलाब घेऊन निघाला.

अंधारात मफलर गुंडाळलेला एक माणूस आला, हातात टमरेल. महेंद्रनं गुलाब पुढं केला.

"काका, लाज नाय वाटत? संडास बांधायला काय होतं?"

त्यांनी मफलर सोडला. पौर्णिमाचे वडील!

"माझ्याकडं हाय रे संडास. हे टमरेल तुझ्या आईनं दिलंय. तुमचा बांधून झाला की कळव, मग तारीख काढू."

गुलाब मात्र घेऊन गेले.



मी म्हटलं, "महेंद्र, रडू नको रे. मांडवाचं नंतर बघू. चहा पिऊन कुदळ घेऊनच येतो, खड्डा आजच खणू."